एकेचाळीस सूचना, अहवाल निरंक

निवडणूक शाखेत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यातली काही अकोल्याला, बरीचशी अमरावती जिल्ह्यात. लोकांना वाटतं, या शाखेला पाच वर्षांतून एकदा काम असतं आणि मधल्या काळात आम्ही माश्या मारतो. लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत, मध्येच शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघ, आणि या सगळ्यांच्या फटीत मतदारयादीची दुरुस्ती. हे बारमाही पीक आहे. एक कापून होत नाही तोच दुसरं उभं.

एवढ्या वर्षांत चुका झाल्याच. एकदा साहित्य वाटताना दोन मतदान केंद्रांच्या पिशव्या अदलाबदल झाल्या आणि सेमाडोहच्या पुढे गेलेली जीप परत बोलवावी लागली. एकदा मयत मतदारांच्या यादीत एका जिवंत गृहस्थाचं नाव गेलं. ते कचेरीत येऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाबू, मी मेलो त्याच्या दाखल्याची एक प्रत मलेबी द्या." त्या चुका निस्तरल्या. इथे लिहितो आहे ती निस्तरली नाही, आणि तिला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं आहे.

नोकरीची दोन वर्षं उरली आहेत. हे छापून आलं तर खुलासा मागतील. खुलासा हाच.

आधी थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लोकसभेला आपण एका उमेदवारासमोरचं बटण दाबतो. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो खासदार. त्याला निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत असं नाही, बाकीच्यांपेक्षा एक जास्त पुरतं. मोजायला सोपं आणि सांगायलाही सोपं. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाची गोष्ट वेगळी. तिथे मतपत्रिकेवर नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. निम्म्याहून एक मत जास्त मिळेपर्यंत कोणी निवडून येत नाही. पहिल्या मोजणीत कोणाला तेवढी मतं नसली, तर सगळ्यांत खालच्याला बाद करतात, आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरा आकडा ज्याच्या नावासमोर असेल त्याच्या गठ्ठ्यात त्या जातात. असं करत करत कोणीतरी निम्म्याच्या वर जातो.

मी या पद्धतीचा प्रशिक्षक होतो. कर्मचाऱ्यांना ती समजत नसे, म्हणून मी नाश्त्याची निवडणूक घ्यायचो. वर्गात तीस जण. कचोरी, आलूबोंडा आणि पोहे असे तीन उमेदवार. पहिल्या मोजणीत कचोरीला बारा, आलूबोंड्याला दहा, पोह्यांना आठ. लोकसभेच्या पद्धतीनं कचोरी निवडून आली, जरी अठरा जणांना ती नको होती. मग मी पोहे बाद करायचो. पोहेवाल्या आठांपैकी सात जणांची दुसरी पसंती आलूबोंडा निघायची, कारण कचोरीनं त्यांना आम्लपित्त होई. आलूबोंडा सतरा, कचोरी तेरा. निकाल फिरला. वर्गात हशा पिकायचा आणि खरोखरच आलूबोंडे मागवले जायचे. या प्रयोगाचा मला फार अभिमान होता. धारणीपासून मोर्शीपर्यंत माझी ओळख 'आलूबोंडावाले गावंडे साहेब' अशी होती.

एक गंमत सांगून टाकतो. शिक्षक मतदारसंघात मतपत्रिका बाद होतात, आणि कशामुळे? गुरुजींनी आकड्याऐवजी बरोबरची खूण केली म्हणून. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर तीच खूण केलेली, हात तसाच वळतो. मी ती पत्रिका बाद गठ्ठ्यात टाकताना मनात म्हणायचो, गुरुजी, नियम म्हणजे नियम. दुसऱ्याच्या सवयीची चूक मला लगेच दिसायची.

गेल्या लोकसभेनंतरच्या हिवाळ्यात एक पत्र आलं. दिल्लीतल्या एका अभ्यासगटाला लोकांची मतं हवी होती. विषय असा की, लोकसभेची मतदानाची पद्धत बदलायची झाली, तर त्या बदलाची उद्दिष्टं कोणती असावीत. पद्धत कोणती हे विचारलं नव्हतं, आधी उद्दिष्टं विचारली होती, आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. कुठे जायचं हे ठरल्याशिवाय कोणती बस हे कसं ठरवणार? सोबत नमुना होता. त्यात पाच उद्दिष्टं छापलेली. मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. सरकार स्थिर असावं. खासदार आणि मतदार यांची ओळख राहावी. पद्धत समजायला आणि मोजायला सोपी असावी. लहान समाजांना जागा मिळावी. लोकांची प्रत्येक सूचना यांपैकी एका उद्दिष्टाखाली बसवायची आणि संगणकावर भरायची.

गावांत जाऊन बैठका घेण्यासाठी पथकं नेमली गेली. आमचं पथक क्रमांक सात. मी आणि वंदना, ही कचेरीतली कंत्राटी ऑपरेटर, मूळची अकोल्याची. टायपिंगचा वेग भारी आणि जिभेचा त्याहून भारी. आम्हाला दोन्ही जिल्ह्यांतली मिळून सहा गावं दिली. मी नवी दोनशे पानी वही घेतली. रकाने आखले: क्रमांक, नाव, सूचना, सही.

मला वाटलं होतं, लोक म्हणतील आम्हाला यातलं काय कळतं. पहिलीच बैठक अकोल्याजवळच्या मळ्यात होती, झेंडू आणि शेवंती पिकवणाऱ्या कुटुंबांची. नामदेवराव म्हणून साठीचे गृहस्थ, हातातला सुई-दोरा न ठेवता बोलले.

"साहेब, निकालाच्या दिवशी मी दोन्ही पार्ट्यायचे हार करून ठेवतो. कोन येईन ते मले काय मालूम? जो येते त्याचे हार बारा वाजेलोक उचलतेत. हरल्याचे हार कोनी नेत नाई. दोरा तोच, फुलं तेच, मेहनत तेच. संध्याकाळी गाईपुढं टाकतो."

"बरं मग?" मी विचारलं.

"मंग काय? तुमीबी तेच करता. हरल्याले ज्यायनं मतं देल्ले ते गाईपुढं टाकता. अन् हे दर खेपेले जास्त असतेत, जितल्याच्या मतांपेक्षा. त्याचं कायतरी करा."

वंदना माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सर, तुमच्या आलूबोंड्यापेक्षा हे बरं हाये."

मोर्शीकडे संत्रावाल्या गावात बरोबर उलटं ऐकलं. तिथले एक बागवाले, दिनकरभाऊ, ऐकून घेऊन म्हणाले, "प्रमाणात जागा द्यायच्या म्हंजे पार्टी यादी काढन, अन् यादीतले मानसं खासदार होतीन. मंग मी धरू कोनाले? आता निदान एक मानूस हाये, त्याच्या दारात जाऊन शिव्या तं देता येते. तो रस्ता तुमी बंद करता."

"शिव्या देऊन काम होते का?" मागून कोणीतरी विचारलं.

"काम नाई होत. पन झोप लागते."

दोन्ही माणसं खरी होती आणि दोघांचं एकदम होणं कठीण होतं. अठ्ठावीस वर्षं मी मतं मोजली, पण मत देणाऱ्याला त्या मतातून काय हवं असतं हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. संध्याकाळी वहीतल्या नोंदी पुन्हा वाचताना मला खरंच उत्साह वाटत होता. हे मुद्दाम सांगतो. मी आळस केला असता तर पुढचं समजण्यासारखं होतं.

पाचवं गाव मेळघाटात, सेमाडोह ते धारणी रस्त्यावरून आत. गावाचं नाव लिहीत नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या कामात हे कोरकू आदिवासींचं गाव दोन ठिकाणी झालं होतं. निम्मी घरं पुनर्वसनात खाली उतरून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर वसली, निम्मी अजून वरच होती. शाळेच्या ओसरीवर दहाबारा माणसं आली. सोमाभाऊ म्हणून एक जण सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "आमाले बोलता नाई येत साहेब. खाली माही बहीन हाये, रामकली. ते बोलते. तिले विचारा, तेच आमचं."

म्हणून सहावं गाव तेच, खालचं अर्धं. रामकलीबाई पन्नाशीच्या. मजुरीला जातात, दोन बकऱ्या आहेत. साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या, वाचता येत नाही. मी नमुन्यातली पाच उद्दिष्टं वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "यात आमचं नाई जी."

"तुमचं काय ते सांगा, मी लिहितो."

"जसं सांगीन तसंच लिवसान?"

"तसंच."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. नोंद क्रमांक एकेचाळीस. 'आमचं अर्धं गाव वर हाये, ते अमरावतीच्या खासदाराले मत देते. अर्धं खाली आलं, ते अकोल्याच्या. वर आमी थोडे, खाली आमी थोडे. आमची बेरीज कुठीच होत नाई. म्हनून वर कोनी येत नाई अन् खाली कोनी येत नाई. भाऊ अन् मी एकच गोष्ट मागतो, पन एका ठिकानी मागता येत नाई. मत मानसाचं हाये तं मानसासंग मोजा, जमिनीसंग मोजू नोका.'

मी वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. चार अक्षरं लिहायला त्यांना मिनिटभर लागलं. पेन परत देताना म्हणाल्या, "हे दिल्लीले जाईन?"

मी म्हणालो, "जाईल बाई. जसंच्या तसं जाईल. माझा शब्द."

तो शब्द द्यायची गरज नव्हती. कोणी मागितला नव्हता.

आता आमच्या खात्यातली एक रीत सांगतो. वरून माहिती मागवतात, तिला मुदत असते. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' असं कळवायचं, म्हणजे शून्य. मुदत उलटली की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर यादी येते, 'खालील अहवाल अप्राप्त', आणि नावं लाल रंगात. साहेबांना वरून फोन येतो, साहेब आपल्यावर घसरतात. यावर आम्ही जुन्या लोकांनी एक तोडगा काढलेला आहे. माहिती तयार नसेल तर आधी निरंक पाठवून द्यायचं. यादीतून नाव निघतं, साहेब शांत होतात. मग आठवड्यानं 'सुधारित अहवाल' म्हणून खरी माहिती जोडायची. शेकडो वेळा केलं असेल. नव्या मुलांना मी हे शिकवलं आहे, आलूबोंड्याइतक्याच अभिमानानं.

मुदतीचा शुक्रवार आला तेव्हा चाळीस नोंदी उद्दिष्टांखाली बसवून झाल्या होत्या. एकेचाळिसावी बसत नव्हती. लहान समाजांच्या जागेखाली टाकावी, तर बाईंनी जागा मागितलीच नव्हती, बेरीज मागितली होती. प्रमाणाखाली टाकावी तर गावाचा मुद्दा सुटत होता. 'खासदाराची ओळख' तर अगदी उलटं. आणि मी जसंच्या तसं म्हणालो होतो. मी दुपारभर त्या एका नोंदीवर बसून राहिलो. साडेचारला ग्रुपवर यादी आली. पथक क्रमांक सात, लाल.

"वंदना, निरंक टाकून दे," मी म्हणालो.

ती वळून बघत राहिली. "सर, सहा गावं फिरलो आपन. एकेचाळीस मानसं बोलले. अन् निरंक?"

"अगं, यादीतून नाव तर निघू दे. सोमवारी सुधारित पाठवू."

"चाळीस तं तयार हायेत. ते टाकते ना."

"अर्धवट नको. सगळं एकदम व्यवस्थित जाऊ दे."

"तुमी म्हनता म्हनून टाकून राहिली मी," ती म्हणाली आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत लाल रंग गेला. आम्ही चहा मागवला.

सोमवारी संगणकावर अहवालाचं पान उघडलं. 'आपला अहवाल प्राप्त झाला आहे. धन्यवाद.' दुरुस्तीची सोयच नव्हती. दिल्लीला फोन केला. तिथले म्हणाले, लेखी पाठवा, वरिष्ठांमार्फत. मी पत्र तयार करून आमच्या साहेबांकडे नेलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"गावंडे, सुधारित पाठवायचा म्हणजे आधीचा खोटा होता हे लिहून द्यावं लागेल. पाठवतो मी, माझी ना नाही. पण खुलासा तुमचाच निघेल. आणि तुमची पदोन्नतीची फाईल वर गेलेली आहे. बघा विचार करून."

मी विचार करतो म्हणालो आणि पत्र परत आणलं. ते ड्रॉवरमध्ये टाकलं. पदोन्नती मिळाली.

दोन महिन्यांनी सगळ्या पथकांचा एकत्रित गोषवारा आला. आमच्या ओळीत लिहिलं होतं: बैठका सहा, सूचना निरंक. इथवर मी धरून चाललो होतो. खाली शेऱ्याचा रकाना होता, तो मी धरला नव्हता. 'या भागातील मतदार सध्याच्या मतदान पद्धतीबाबत समाधानी असल्याचे दिसते.' ज्यानं हे लिहिलं त्याचा दोष नाही. सहा बैठका होऊन एकही सूचना नाही, याचा दुसरा अर्थ त्यानं काय काढावा? नामदेवराव समाधानी, दिनकरभाऊ समाधानी, रामकलीबाई समाधानी. मी त्यांचं म्हणणं नुसतं दाबलं नव्हतं, उलटं करून पाठवलं होतं.

याच सुमारास रामकलीबाईंचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरून. "साहेब, गेलं का आमचं?"

"गेलं बाई."

महिन्याभरानं पुन्हा. "काय म्हनतेत जी ते?"

"विचार चालू आहे."

दोन्ही वेळा मी जेवायला बसलो होतो, आणि दोन्ही वेळा जेवण पूर्ण केलं. हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

पुढे फोन बंद झाले. मला वाटलं, विसरल्या असतील. पावसाळा संपता संपता एक दिवस दुपारी त्या स्वतःच कचेरीच्या दारात उभ्या. सोबत सोमाभाऊ, डोंगरावरून बहिणीकडे उतरून दोघं बसनं आलेले.

"नक्कल पायजे जी," बाई म्हणाल्या.

"कशाची?"

"तुमी दिल्लीले पाठवलं त्याची. वरच्या लोकायले दाखवाची हाये. ते म्हनतेत, रामकली काय बोलली काय मालूम."

ज्यांनी जमिनीच्या कागदांपायी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. सरकारनं काय केलं हे सरकारच्या तोंडून ऐकायचं नाही, नक्कल मागायची. मी तेव्हाही खरं बोललो नाही. म्हणालो, "नकलेसाठी अर्ज करावा लागतो. बाहेर अर्ज मिळतो, तिकीट लावून खिडकीत द्या." वाटलं, कंटाळून जातील. बाहेरून वंदनाचा आवाज आला. तीच त्यांचा अर्ज भरून देत होती, आणि मुद्दाम मोठ्यानं विचारत होती, "अहवालाची नक्कल लिहू ना मावशी? पथक क्रमांक सात?"

तिसऱ्या दिवशी तो अर्ज शेरा होऊन माझ्याच टेबलावर आला. यावर द्यायचं एक ठरलेलं उत्तर आमच्याकडे आहे, 'सदर अभिलेख आढळून येत नाही'. त्यावर पुढे काही होत नाही. मी ते वाक्य टाइप करायला सांगितलं. वंदना म्हणाली, "सर, शुक्रवारचं बटन मी दाबलं. हे तुमीच दाबा." आणि खुर्चीवरून उठून पाणी प्यायला गेली.

मी तिच्या खुर्चीत बसलो. पडद्यावर ते वाक्य अर्धं झालं होतं. ते पुसलं. गोषवाऱ्यातल्या आमच्या पानाची प्रत काढली, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आणि खाली सही केली. टपालानं पाठवता आली असती. ते धाडस मला पुरेसं वाटलं नाही, किंवा खरं सांगायचं तर टपालानं पाठवली असती तर पुन्हा लपणंच झालं असतं. रविवारी वही आणि नक्कल घेऊन मी खालच्या गावाला गेलो.

सोमाभाऊ अजून तिथेच होता. अंगणात खाट टाकली. मी बसलो नाही, उभ्यानंच वाचून दाखवलं. बैठका सहा, सूचना निरंक.

"निरंक म्हंजे?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"कोनी काईच बोललं नाई?"

"असं मी कळवलं."

"मी बोलली ना."

"हो बाई. बोललात."

मी खालचा शेराही वाचला, कारण नकलेत होता. मतदार समाधानी असल्याचे दिसते. सोमाभाऊला समाधानी कळलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे खूश आहेत."

"आमी खूश हावो?" सोमाभाऊ म्हणाला. "अरे वा. आमाले कोनी सांगतलंच नाई." तो हसला आणि मागची दोनचार माणसंही हसली. बाई हसल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. मुदत, लाल यादी, सुधारित पाठवायची रीत, ड्रॉवरमधलं पत्र, पदोन्नती. फोनवर दोनदा खोटं बोललो तेही. माफी मागितली. बाईंनी त्यावर काही म्हटलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"वही आनली का?" त्यांनी विचारलं.

"आणली."

"वाचा मंग. पयल्यापासून."

मी वाचत गेलो. नामदेवरावांचे हार, दिनकरभाऊंच्या शिव्या, सगळं. माणसं जमली. हारांवर माना हलल्या. शिव्यांवर एक म्हातारा म्हणाला, "त्याच्या घराजवळ खासदार राहते वाटते." एकेचाळिसाव्या नोंदीपाशी बाईंनी हात वर केला.

"ते बदला. आता अर्धं अर्धं नाई राह्यलं. पावसाच्या आधी अजून घरं खाली आले. वर थोडेच हायेत."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नोंदीत खाडाखोड चालत नाही बाई."

"मंग सुधारित लिवा," त्या म्हणाल्या. "तुमाले येते ना ते?"

मी खाटेवर बसलो आणि बेचाळिसावी नोंद लिहिली. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. त्यांनी सही केली आणि वही माझ्याकडे वळवली. "खाली तुमची करा. मांगच्या खेपेले सगळ्या आमच्याच होत्या."

मी सही केली. वही उचलायला गेलो तर त्यांनी ती मांडीवर ओढून घेतली. म्हणालो, हे सरकारी दप्तर आहे. त्या म्हणाल्या, "तुमाले नक्कल देतो." वंदनानं दुसऱ्या दिवशी जाऊन मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून आणले. त्यावरून मी सगळ्या बेचाळीस नोंदी पुन्हा उतरवल्या आणि ड्रॉवरमधल्या पत्रासोबत, माझ्या नावानं, दिल्लीच्या त्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. पोचपावती आली, ती बाईंकडे दिली आहे. उत्तर आलेलं नाही. अभ्यासगटाचं काम बहुधा संपलंही असेल.

पद्धत बदलावी की नाही, आणि बदलली तर कोणती, यावर माझं मत विचाराल तर ते अजून पक्कं नाही. एकेचाळीस माणसांनी मागितलेलं सगळं एका पद्धतीत बसत नाही. पण काय काय मागितलं होतं ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, मी त्यांना विचारलं, शेवटी एक नोंद जशीच्या तशी छापाल का. ते हो म्हणाले.

नोंद क्रमांक बेचाळीस, सुधारित. 'आमच्या गावाचे थोडे घरं वर हायेत, ते अमरावतीच्या खासदाराले मत देतेत. बाकी आमी खाली आलो, आमी अकोल्याच्या. उद्या वरचं शेवटचं घर खाली येईन, तरी वरच्या रानात आमचे देव हायेत, अन् त्या रानाचा खासदार आमचा नाई. भाऊ अन् मी एकच गोष्ट मागतो. आमची बेरीज एका ठिकानी करा. आमी खूश नाई. हे आमी पयलेबी सांगतलं होतं.'

वाचून दाखवले. बरोबर आहे म्हणाल्या. सही, रामकली. लिहून घेणार, खाली सही, गावंडे.